ऊतिसंवर्धित रबर रोपांमधला जनुकीय फरक ओळखण्यास आरएपीडी पुरेसे आहे का?

ऊतिसंवर्धनातून (प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या भागापासून) वाढवलेली रबराची रोपे मातृवृक्षासारखीच निघाली का, हे केवळ आरएपीडीने, म्हणजे डीएनएचे कुठलेही काही भाग वाढवून ते पट्ट्यांच्या रूपात पाहण्याच्या चाचणीने, ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत वनस्पतींच्या डीएनएवर काम करतो. माझ्या मते आरएपीडी सुरुवातीला ठीक, निष्कर्षाला अपुरे.

त्यातले १० अक्षरांचे प्रायमर (वाढवायची जागा ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जीनोममधल्या (रोपाच्या संपूर्ण डीएनएमधल्या) मोजक्याच जागा दाखवतात, आणि डीएनएचे प्रमाण जरा इकडेतिकडे झाले तरी एखादी फिकट पट्टी उमटते किंवा गायब होते. म्हणून त्याच रोपातून नव्याने काढलेल्या डीएनएवर जी पट्टी पुन्हा दिसत नाही, तिला फरक म्हणू नये. एसएसआर (डीएनएमधल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांची चाचणी) अधिक भरवशाचे, कारण त्यात दोन्ही पालकांकडून आलेली रूपे वेगवेगळी ओळखता येतात. रबराची रोपे बऱ्याचदा परागकोशापासून तयार करतात. तेव्हा कोशाच्या भित्तिकेऐवजी (ती मातृवृक्षाचीच ऊती असते) परागकणापासून रोप उगवले असेल, तर मातृवृक्षात जिथे दोन रूपे आहेत तिथे त्यात सगळीकडे एकच दिसते. गुणसूत्रांचे संच (एरवी दोन, मिळून ३६ गुणसूत्रे; २न = ३६) वाढले-घटले का, हे पेशीतल्या डीएनएचे प्रमाण मोजणारी फ्लो सायटोमेट्री सांगते; मात्र परागकणातून येऊन संच दुप्पट झालेले रोप तिच्यातून निसटते, तेव्हा एसएसआर आणि फ्लो सायटोमेट्री या दोन्ही चाचण्या कराव्यात. डीएनएचा क्रम तोच राहून केवळ मेथिलीकरण (डीएनएवर चिकटणाऱ्या मेथिल गटांची रचना) बदलले असेल, तर त्यासाठी एमएसएपी ही मेथिलीकरण तपासणारी चाचणी लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते तुलनेसाठी घेतलेले मातृवृक्षाचे पान. आरआरआयआय १०५ सारख्या रबराच्या वाणांची झाडे बियांपासून वाढवलेल्या खुंटावर डोळा भरून (कलम करून) केलेली असतात; खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्याचे पान चुकून घेतले, तर प्रत्येक रोप बदललेले वाटेल. ज्या झाडाचा भाग संवर्धनासाठी घेतला, त्याच झाडाचे, जोडाच्या वरचे पान घ्यावे.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बागेतून पाने मागवणार असाल, तर ती ओली पाठवू नयेत, रात्रभराच्या प्रवासात काळी पडतात. कोवळी पाने सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) वाळवून मागवावीत. रबराच्या पानांत चीक आणि पॉलिफिनॉल भरपूर असल्याने डीएनए काढण्यासाठी वापरायच्या सीटीएबीच्या द्रावणात पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही, पॉलिफिनॉलचा त्रास कमी करणारी रसायने घालावी लागतात. तरीही नळीच्या तळाशी तपकिरी, चिकट गोळा बसला, तर तो डीएनए पुन्हा शुद्ध केल्याशिवाय वापरू नये, कारण त्याने पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडते आणि न उमटलेली पट्टी उगाच फरक म्हणून मोजली जाते.