चित्रकलेच्या तासात विज्ञान: हळद, सोडा आणि लिंबू

तुम्ही विचारलंय : सातवीची ४० मुलं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका, खर्च जेमतेम; चित्रकलेत विज्ञान कसं आणायचं?

एक गोष्ट टाळा. हृदयाची आकृती काढून रंगवून घेणं म्हणजे विज्ञानाच्याच वहीला रंग फासणं. त्यात चित्र म्हणून मुलाला काही ठरवावं लागत नाही. आम्ल-आम्लारीचा धडा घ्या आणि रंगपेटी बंद ठेवा. रंग हळदीतूनच निघू द्या.

चार-चार मुलांचे दहा गट करा. साहित्य : १०० ग्रॅम हळद, धुण्याचा सोडा, पाच लिंबं, मेणबत्तीचे तुकडे, खराट्याचे हीर आणि प्रत्येकाला जाड ड्रॉइंग पेपरचा पाव तुकडा. झेरॉक्सचा कागद नको. त्यात बहुधा खडूसारखी भर असते, त्यामुळे हळद लावतानाच कधी कधी नारिंगी झाक येते आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या तासिकेत मेणबत्तीने दाबून रेघा काढायच्या. मेणावर हळद धरत नाही, तिथे कागद पांढराच राहतो. मग गटाला दोन चमचे हळद आणि आठ चमचे पाणी कालवून द्या. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, खाली बसते, म्हणून लावताना सतत ढवळायला सांगा. कागद रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी सुटी पूड झटका. हे राहिलं तर ब्रशला रवा लागून रेघ फाटते.

दुसऱ्या तासिकेत अर्धा कप पाण्यात एक सपाट चमचा धुण्याचा सोडा. या पाण्याने रंगवलं की पिवळ्यावर लालसर तपकिरी उमटतं. खाण्याचा सोडा वापरलात तर रंग मरगळलेला येईल, कारण तो सौम्य आम्लारी आहे. खरं तर दोन्ही द्या, मुलांना छटेचा फरकही मिळेल. लाल भाग पूर्ण वाळल्यावर हीर लिंबाच्या रसात बुडवून त्यावर रेघ ओढायची : पिवळा परततो. ओल्यावर ओढली तर रस पसरतो आणि रेघेचा डाग होतो. सोड्याचा आणि लिंबाचा ब्रश वेगळा, नाहीतर दोन्ही वाट्या एकमेकांना मारतात.

चित्र काय काढायचं ते मुलांवर सोडा, पण अट एकच : पांढरा, पिवळा, लाल यांपैकी कोणता कुठे, हे मेणबत्ती हातात घेण्याआधी ठरवायचं. पांढरा नंतर आणता येत नाही.

एक घोटाळा हमखास होतो. साध्या पाण्यानेही हळद पिवळीच राहते, म्हणून मुलं पाण्याला आम्ल ठरवतात. हळद फक्त आम्लारी दाखवते. आम्ल आणि उदासीन यांत ती फरक करत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. लिंबाने अर्क गडद गुलाबी होतो, सोड्याने हिरवट.

वेळ उरला तर गणित घ्या. सोड्याचं पाणी चमचाभर घ्या, त्यात चिमूटभर हळद टाका आणि लाल जाऊन पिवळा येईपर्यंत लिंबाचे थेंब मोजा. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. दहा गटांचे आकडे फळ्यावर लिहा. वेगवेगळे येतील, आणि ते का, हाच प्रश्न विचारायचा.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे घरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पारंपरिक कुंकूही हळदीत चुन्यासारखा आम्लारी पदार्थ मिसळून केलं जाई. पण वर्गात चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. धुण्याच्या सोड्यानेही हात लगेच धुवायला लावा. चित्रं उन्हात टांगू नका, हळद विटते. लाल तर सावलीतही हळूहळू फिका पडतो, म्हणून प्रदर्शन लावायचं तर त्याच आठवड्यात लावा आणि फोटो काढून ठेवा.