सीबीडीची दुकानं आल्याने अमेरिकेतले ओस पडलेले मॉल पुन्हा चालतील का?

थोडाफार हातभार लागेल, पण तेवढ्याने मॉल सावरणार नाही. मी ओहायोत मॉलमधले गाळे भाड्याने देण्याचंच काम करतो, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

सीबीडी म्हणजे हेम्पमधला, म्हणजे भांगेच्याच जातीच्या पण नशा जवळपास नसलेल्या झाडातला, नशा न आणणारा घटक. डिसेंबर २०१८ च्या कायद्याने हेम्पला मोकळीक मिळाली आणि लगेच २०१९ मध्ये ग्रीन ग्रोथ ब्रँड्स या कंपनीने सायमन या बड्या मॉलमालकाशी शंभरावर किऑस्कचा, म्हणजे मॉलच्या वाटेतल्या छोट्या टपऱ्यांचा, करार केला. तेव्हा तो शहाणपणाचाच वाटत होता. सीबीडीच्या जाहिराती गूगल-फेसबुक घेत नव्हते, मग गिऱ्हाईक गाठायचं कुठे? मॉलमध्ये. बाई चपलांच्या दुकानातून बाहेर पडते, किऑस्कवरचा मुलगा तिच्या मनगटावर लोशन लावतो, ती गुडघेदुखीचं विचारते. ऑनलाइन हे जमत नाही.

तरी २०२० मध्ये कंपनी, ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांच्यापासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. कोविड होताच, पण दुखणं आधीचं होतं. किऑस्क गर्दीवर जगतो, गर्दी आणत नाही. सिअर्ससारखं लाखभर चौरस फुटांचं दुकान बंद पडलं, की पुष्कळ छोट्या दुकानांना करारानुसार भाडं कमी करून घेण्याचा किंवा सोडून जाण्याचा हक्क मिळतो. तो खड्डा दीडशे-दोनशे फुटांच्या टपरीने कसा भरणार? शिवाय सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या मोठ्या साखळ्यांनी २०१९ मध्येच काही राज्यांत सीबीडीची क्रीम ठेवायला सुरुवात केली. घराजवळ मिळतंय तर मॉलपर्यंत गाडी कोण काढेल?

मला आशा दिसते ती वेगळ्या ठिकाणी. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स मॉलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००९ मध्ये दवाखाने थाटले आणि रिकामा मजला माणसांनी भरला. अशा जागी, सांधेदुखीच्या दवाखान्याशेजारी, बाटलीगणिक प्रयोगशाळेचा अहवाल दाखवणारं नीट दुकान चालेल असं मला मनापासून वाटतं.

पण तिथे फार्मासिस्ट हवाच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना पोटात घ्यायचं सीबीडी तेल सुरू केलं, तर त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गिऱ्हाईक बहुतेक वयस्कर असतात, त्यांना हे पैसे देण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.