हवाईच्या ज्वालामुखी उद्यानात पहिल्यांदा जाताय?

लाव्हा दिसेल का, ते किलाउआ ज्वालामुखीच्या मर्जीवर. तुम्ही किलाउआ इकी या विवराची वाट धरा, आणि सकाळी लवकर पोचा. उशीर झाला की पार्किंग मिळत नाही. ही वाट ओहिया झाडांच्या जंगलातून सुमारे १२० मीटर खाली उतरते आणि १९५९ च्या उद्रेकात साचून थिजलेल्या लाव्हावरून जाते. तिथल्या भेगांतून आजही वाफ येते.

दुर्बीण मात्र जंगलातच काढा. ओहियाच्या लाल फुलांवर तितकाच लाल ‘आपापाने’ पक्षी मध प्यायला येतो, त्यामुळे नुसतं वर बघून तो सापडत नाही. हलणारा झुबका हेरा, मग काळी बाकदार चोच आणि शेपटीखालची पांढरी पिसं शोधा. पक्ष्यांचाच नाद असेल तर किपुकापुआउलूची छोटी वाट जास्त निवांत.

हवाई म्हणजे नुसता समुद्रकिनारा समजून चपला घालून येणारे बघितले की मला कीव येते. इथे उंची १२०० मीटर, पाऊस कधीही. बूट हवेत, रेनकोट हवाच. दमा असेल तर गंधकाच्या वाफांपासून लांब राहा. वाटेच्या तोंडाशी ब्रश असेल तर बूट घासून घ्या, ओहियाला मारणारी बुरशी मातीतून पसरते. आणि नेने, म्हणजे इथला रानहंस, कितीही जवळ आला तरी त्याला खायला घालू नका.