आधी पहिले साठ फूट
ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, पहिल्या दिवशी शेजारच्या लेनकडे बघूच नकोस. पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, हे ड्रॅग रेसिंगचं अंतर अमेरिकन क्वार्टर हॉर्स या घोड्याच्या जातीच्या नावातही आहे. तेवढ्या पल्ल्यात तो भल्याभल्यांना मागे टाकतो, कारण त्याचा जोर मागच्या पुठ्ठ्यांत, सुटतानाच्या उसळीत. गाडीचंही तेच. टाइमस्लिपवर, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या कागदावर, आधी ६० फुटांची वेळ बघ, टॉप स्पीडच्या गप्पा नंतर. स्पोर्ट्‌समन ट्रीवर, म्हणजे सुरुवातीच्या दिव्यांच्या खांबावर, तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. हिरव्याची वाट पाहिलीस की उशीर झालाच. शेवटचा पिवळा दिसताच गाडी सोड. घाई झाली तर लाल लागेल कधीतरी, म्हणजे धाव बाद. माझा तर सारखा लागायचा. रस्त्यावर मात्र हे चाळे नकोत, ट्रॅकवरच. आणि इंजिनवर पैसे ओतण्याआधी टायर बदल.