मे महिन्यातील राजगड-तोरणा

प्रश्न : आम्ही चार मित्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाठीवर सामान घेऊन राजगडावरून तोरण्याला चालत जाणार आहोत. प्रत्येकी तीन लिटर पाणी पुरेल का? उंचीवर ऊन फारसे बाधत नाही, हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण गफलत तिथेच होते. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी थंड होते हे खरे. परंतु राजगडाच्या संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून उतरलात की गडाची उंची सुटते आणि तुम्ही मधल्या उघड्या धारेवर येता, जिथे सावली तुरळक असते आणि तापलेला काळा कातळ खालूनही भाजत असतो. ओझ्यासह ही वाट पाच-सहा तास घेते. अळू दरवाजाखालची उतरण अंधारात करू नये. त्यामुळे सहाला उजाडताच निघालात तरी तोरण्याच्या बुधला माचीचा अंगावर येणारा चढ नेमका भर उन्हात लागतो. उलट दिशेने आलात, तर संजीवनीचा चढ तसाच गाठतो. म्हणून मेमध्ये ही वाट करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हातल्या चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्या दिवसांत धारेवर भरवशाचे पाणी मिळत नाही, तेव्हा तीन लिटर पुरणार नाही. सहा लिटर घ्यावे, तर पाठीवर सहा किलो वाढतात. शिवाय नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटाघोटाने प्यावे.

जायचेच असेल, तर एकटा राजगड करावा. पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी पहाटे चढून नऊच्या आत पद्मावती माची गाठावी, दुपार सावलीत काढावी आणि ऊन कलल्यावर उतरावे. मुक्कामाचा विचार असल्यास परवानगीची चौकशी आधीच करावी.

सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो थकवा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत निजवून कपडे सैल करावेत, पिण्याचे पाणी राखून न ठेवता त्याचे सर्वांग भिजवावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी ओतू नये. एकाने 108 क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत बाकीच्यांनी अंग गार करणे थांबवू नये.