जुन्या गेमच्या बदल्यात मिळालेलं क्रेडिट दुकानदार बाद करू शकतो का?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात पीएस फोर आणि पीएस फाइव्ह या प्लेस्टेशन गेम कन्सोलच्या नऊ सीडी एक्स्चेंजला दिल्या. ७,५०० रुपयांचं क्रेडिट ठरलं, स्लिप मिळाली. नवीन गेम घेताना मात्र सांगितलं की बिलाच्या निम्मीच रक्कम क्रेडिटमधून वळती होते. ४,९९९ च्या गेमसाठी २,५०० क्रेडिटमधून गेले, बाकीचे २,४९९ मी यूपीआयने भरले. गेम नवीन म्हणून दिला, पण सील नव्हतं आणि आतला कोड आधीच वापरलेला निघाला. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तर ‘उघडलेला माल परत घेत नाही’ असं उत्तर आलं. आता उरलेले ५,००० मागितले तर म्हणतात, तीस दिवसांची मुदत संपली, स्लिपच्या मागे छापलं आहे. आमच्या सीडी त्यांनी विकूनही टाकल्या. काय करता येईल? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, पैसे मिळवता येतील असं मला वाटतं. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे व्यवहार एकत्र आले आहेत आणि तक्रार लिहिण्याआधी ते सुटे करायला हवेत.

मुलाने सीडी दिल्या तेव्हा विकणारा तो होता आणि घेणारं दुकान. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, विकणाऱ्याच्या नाही. त्यामुळे ‘आमच्या सीडींना भाव कमी दिला’ अशी तक्रार ग्राहक आयोगात टिकणार नाही. एक्स्चेंजचे भाव गेम बाजारात आल्यापासून झपाट्याने उतरतात, आणि ठरलेला भाव मुलाने मान्य केला होता. तो मुद्दा सोडून द्या.

गेम विकत घेतला तेव्हा मात्र तुम्ही ग्राहक झालात. अर्धी किंमत यूपीआयने आणि अर्धी क्रेडिटने भरली, म्हणून तुमचं ग्राहकपण कमी होत नाही. जुनी किंवा वापरलेली वस्तू नवीन म्हणून विकणं ही याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच कलमात येतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कळवलंत, हे फार बरं केलंत. गेमसोबतचा कोड एकदाच चालतो आणि एका खात्याला कायमचा जोडला जातो. तो वापरलेला निघाला याचा अर्थ तो डबा तुमच्याआधी कोणाच्या तरी हातून गेला होता. कोड टाकल्यावर दिसणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीतला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

म्हणून तक्रार या गेमपासून सुरू करा आणि ५,००० रुपयांचं क्रेडिट त्याला जोडून मागा. क्रेडिट ही बक्षिसी नव्हती, पुढच्या खरेदीसाठी दुकानाकडे आगाऊ ठेवलेली किंमत होती. त्याच्या बदल्यात दुकानाने नऊ सीडी घेतल्या आणि विकल्या. निम्म्या बिलाचा नियम माल हातात पडल्यावर सांगायचा आणि मुदत स्लिपच्या मागे बारीक अक्षरात छापायची, हे मला स्वतःला अत्यंत चुकीचं वाटतं. शाळकरी मुलाशी असं वागणं तर अधिकच. तरीही एक काळजी घ्या. तक्रारीत ‘अनुचित करार’ हा शब्द मुख्य मागणी म्हणून वापरू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जातात, आणि एवढ्या रकमेसाठी तिथपर्यंत जाण्यात अर्थ नाही. ‘अनुचित व्यापार प्रथा आणि सेवेतील त्रुटी’ असंच लिहा.

मुलगा कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, मग सगळा व्यवहारच रद्द ठरवता येईल का, असं कोणी तुम्हाला सुचवेल. कायदा तसा आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवलं आणि आजही तेच धरलं जातं. पण त्या वाटेने गेलात तर मागणी सीडी परत मिळण्याची करावी लागेल, आणि त्या आता दुकानात नाहीत. वर घेतलेला गेमही परत करण्याचा प्रश्न येईल, आणि दिवाणी न्यायालयात वर्षं जातील. त्या वाटेला जाऊ नका. ‘पोराने सही केली आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर त्याला उत्तर म्हणून हा मुद्दा नोटिशीत दोन ओळींत असू द्या, बस्स. तक्रार करायला मात्र मुलाचं वय आड येत नाही. ग्राहक अज्ञान असेल तर आई-वडील किंवा पालक तक्रार करू शकतात, आणि इथे पैसे तुमच्याच खात्यातून गेले आहेत.

आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आयोगासमोर तिचा उपयोग होतो. गेमचे ४,९९९ आणि क्रेडिटचे ५,००० अशा दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. गेमचे पूर्ण पैसे मागताय, तेव्हा तो परत द्यायची तयारीही लिहा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन बदलायचा असेल तर थांबा. व्हॉट्सअ‍ॅपचा मूळ संवाद त्याच फोनमध्ये राहू द्या, स्लिपच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

उत्तर आलं नाही तर जिल्हा आयोगात जा. दुकान मुंबई शहर जिल्ह्यात आहे, पण ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. तुम्ही मुलुंडच्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग तुम्हाला चालेल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी, असा अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, पण एवढं थांबू नका.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. क्रेडिट बाद केलं, एवढ्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल होणं कठीण आहे, आणि मुलाला त्यासाठी पोलीस ठाण्यात बसवू नये.

नोटीस पोहोचली की दुकानातून फोन येईल, अशा प्रकरणांत तो बहुधा येतोच. ‘या, दुसरे गेम घेऊन जा’ असं म्हणतील. तडजोड करायला हरकत नाही, पण पुन्हा क्रेडिट स्लिप घेऊ नका. रक्कम तुमच्या खात्यात जमा झाल्यावरच गेमची सीडी परत द्या, आणि ती परत मिळाल्याची पोच लिहून घ्या.