उधारीच्या वहीतला शेवटचा रकाना

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. धुळ्याच्या हॉस्पिटलात बिलिंगला लागलीस, हे तुझ्या वडिलांकडून कळलं. ते पगाराचं सांगत होते आणि मी विचारत होतो, उधारीची वही कोणाकडे आहे? त्यांना माहीत नव्हतं. तू मात्र पहिल्याच आठवड्यात शोधून काढ. बहुतेक ती कोणाकडेच नसते. चिठ्ठ्या असतात, ड्रॉवरच्या तळाशी.

कॉम्प्युटरमध्ये नाव, गाव, फोन, बाकी एवढं येतं. मी हाताच्या वहीत आणखी एक रकाना आखायचो : 'कशावर देणार'. त्यात तारीख नाही, कारण लिहायचं. कापूस. केळी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पगार. बचत गट. ऑगस्टमध्ये एखादा 'कापूस इकसू, मंग देसू' म्हणाला तर तो टाळतोय असं समजू नकोस. त्याचा कापूस दसरा-दिवाळीला वेचणीला येणार, त्याआधी फोन करून फक्त संबंध बिघडतो. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याची गोष्ट निराळी, त्याची बाग कधी कापली जाणार ते विचारून ठेव. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं, तेव्हाच त्याच्या हातात उचल येते आणि आठवड्याभरात संपते. त्याला आखाजीच्या दोन दिवस आधी आठवण द्यायची, नंतर नाही. भुसावळचा रेल्वेवाला असेल तर महिन्याचा पहिला आठवडा. हा रकाना डिस्चार्जच्या वेळी, माणूस समोर असताना भरायचा आणि त्याखाली त्याची सही घ्यायची. सहीला महत्त्व आहे. बाकी कायद्यानं वसूल करायची मुदत साधारण 3 वर्षांची. त्या मुदतीत त्याने थोडे पैसे देऊन लेखी कबुली दिली, तर ती तिथून पुन्हा मोजली जाते.

फोनवर एक पथ्य पाळ. ज्याची बाकी आहे त्याच्याशीच बोल. एकदा मी एका बाईच्या नंबरवर फोन लावला. उचलला तिच्या दिरानं. मी सवयीनं 'ऑपरेशनची बाकी' म्हणालो. कसलं ऑपरेशन, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून 'वहिनींना हॉस्पिटलात फोन करायला सांगा' याच्यापुढे एक शब्द नाही.

दुसरी चूक त्याहून जुनी. 3,400 रुपये बाकी होते म्हणून मी डिस्चार्जचा कागद संध्याकाळपर्यंत अडवून ठेवला. नवरा बायकोच्या पायातले चांदीचे तोडे गहाण टाकून आला. पैसे मिळाले, पावतीही नीट फाडली. तो माणूस पुन्हा आमच्या दारात आला नाही, त्याच्या गावचेही कमी झाले. बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवायचं नाही, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आता स्पष्ट आहे. मालक सांगतील तरी तू अडवू नकोस, नाव माझं सांग.

आता रोजचं. सकाळची शिल्लक आणि रात्रीची शिल्लक यांच्यामध्ये प्रत्येक पावती बसली पाहिजे. दहा रुपये जरी चुकले तरी खिशातून घालून जुळवायचे नाहीत, फरक लिहायचा. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत जमा दिसले तरच पावती. भरतीच्या वेळी घेतलेलं डिपॉझिट अंतिम बिल होईपर्यंत उत्पन्नात धरायचं नाही, ते पेशंटचं आहे. आणि एका पेशंटच्या एका उपचारासाठी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. चार दिवसांत चार पावत्या फाडल्या तरी सुटका नाही, घेतलेल्या रकमेएवढाच दंड बसतो. कापसाच्या दिवसांत लोक पिशवीत रोकड घेऊन येतात, तेव्हा हे आठवायला हवं.

विम्याच्या बिलात सगळेच फसतात. समज, बिल 48,000 चं. टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेनं, हातमोजे, रजिस्ट्रेशन असलं काही कापून 45,000 मंजूर केले. त्यावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, 4,500. बँकेत आले 40,500. नवी पोरं 40,500 जमा करतात आणि 7,500 बुडाले म्हणून गप्प बसतात. अगं, 4,500 बुडाले नाहीत, ते डॉक्टरांच्या नावावर सरकारजमा आहेत. ते 'टीडीएस येणे' खात्यात टाक आणि आयकर खात्याच्या करजमेच्या उताऱ्यात दिसतात का ते तपास. कापलेल्या 3,000 पैकी पेशंटनं द्यायचं असेल ते डिस्चार्जच्या आधी सांगावं लागतं. नंतर मागितलं की भांडण. कधी कधी पाच-सहा क्लेमचे पैसे एकाच यूटीआर नंबरनं, म्हणजे बँकेच्या एकाच व्यवहार क्रमांकानं, येतात. ते सोडवताना डोळे जातात, म्हणून ते दुपारी करू नकोस, सकाळी कर.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला पेशंट असेल तर योजनेतल्या उपचाराचा एक पैसाही मागायचा नाही. 'औषधाचे तेवढे द्या' हेही नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेला माणूस काही विचारणार नाही, मुकाट देईल. म्हणूनच सांगतोय.

चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्या दिवसापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी, पुढे 15 दिवस त्याला. हे वकिलावर सोड, पण मेमोवरची तारीख तू जप.

काही येणी येणारच नाहीत. ती वहीतून खोडू नकोस आणि स्वतःहून माफही करू नकोस. वर्षातून एकदा यादी डॉक्टरांसमोर ठेव, ते म्हणतील त्यावर 'माफ' लिहून त्यांची सही घे. आमचे डॉक्टर सही करताना दरवेळी विचारायचे, 'हा अजून जिवंत आहे ना?' मी हो म्हणायचो आणि ते सही करायचे.

टॅलीत, त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठे अडलं तर फोन कर. दुपारी दोन ते चार मी झोपलेला असतो.

तुझे काका